कॉलेज स्टेशन ते पीझ नदी : सल रॉस यांच्या मागावर पाच दिवस

सातारा जिल्ह्यातील एका ग्रामीण महाविद्यालयात मी एकतीस वर्षे इतिहास शिकवला आणि त्यांतील शेवटची नऊ वर्षे प्राचार्यपद सांभाळले. माझा पुतण्या निखिल टेक्सास ए अँड एम विद्यापीठात पीएच.डी. करतो. दोन वर्षांपूर्वी एकदा फोनवर बोलताना तो सहज म्हणाला, की उद्या परीक्षा असल्यामुळे आताच सलीच्या पायाशी एक सेंटचे नाणे ठेवून आलो. सली कोण असे विचारले, तेव्हा उत्तर आले, "आमचे जुने प्राचार्य, काका. त्यांचा पुतळा आहे." मी चकित झालो. आमच्याकडे माजी प्राचार्यांची तसबीर स्टाफरूमच्या भिंतीवर लागते आणि रंगकामाच्या वेळी खाली उतरली की बहुधा परत चढत नाही. एखाद्या प्राचार्याला सव्वाशे वर्षांनंतर मुलांनी नवस बोलावा, हे मला ठाऊक असलेल्या जगात बसत नव्हते.

त्यानंतर मी लॉरेन्स सलिव्हन ऊर्फ 'सल' रॉस या माणसाविषयी मिळेल ते वाचत गेलो. सरहद्दीवरच्या सशस्त्र पथकातला रेंजर, यादवी युद्धातील दक्षिणेचा ब्रिगेडियर जनरल, शेरिफ म्हणजे परगण्याचा पोलिसप्रमुख, आमदार, टेक्सासचा दोनदा निवडून आलेला गव्हर्नर आणि शेवटी एका मोडकळीला आलेल्या महाविद्यालयाचा अध्यक्ष, अशी त्याची चढण होती. निवृत्तीनंतर सगळेच करतात तशी ती उतरण नव्हती, असे माझे मत होत गेले. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेला जाण्याचा योग आला तेव्हा निखिलला पाच दिवसांची रजा काढायला लावली.

पहिला दिवस, मंगळवार : ह्यूस्टन, इंडिपेंडन्स, कॉलेज स्टेशन

ह्यूस्टनहून सकाळी निघून आम्ही दोनशे नव्वद क्रमांकाच्या महामार्गाने वायव्येकडे लागलो. वाटेत प्रेअरी व्ह्यूची पाटी दिसली. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी राज्याने १८७६ मध्ये स्थापन केलेले महाविद्यालय येथे आहे आणि ते ए अँड एमच्याच संचालक मंडळाच्या देखरेखीखाली होते. एकाच मंडळाने चालवलेल्या दोन संस्था, एक गोऱ्यांची आणि एक काळ्यांची, ही त्या काळातील टेक्सासची व्यवस्था होती, आणि पुढे जे काही पाहायचे होते ते या चौकटीतच पाहणे भाग होते.

ब्रेनहॅमपासून आत वळून इंडिपेंडन्स नावाच्या लहानशा वस्तीत थांबलो. बेलर विद्यापीठ मूळचे येथले. १८५६ मध्ये सतरा-अठरा वर्षांचा सल येथे शिकायला आला होता. मुलींच्या विभागाच्या जुन्या इमारतीचे चार दगडी खांब तेवढे आज उभे आहेत. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही. खांबांभोवतीचे गवत नुकतेच कापलेले होते आणि आमच्याशिवाय तेथे कोणी नव्हते. येथून सल अलाबामातील फ्लॉरेन्सच्या वेस्लियन विद्यापीठात गेला. पुढे काय घडले ते मला फार आवडते. १८५८ च्या उन्हाळ्यात तो सुटीला घरी आला. त्याचे वडील शॅप्ली रॉस हे ब्राझोस नदीकाठच्या राखीव भूमीवर मूलनिवासींचे सरकारी प्रतिनिधी होते. या वीस वर्षांच्या मुलाने तेथील १३५ मूलनिवासी योद्ध्यांचे नेतृत्व पत्करले आणि मेजर व्हॅन डॉर्न यांच्या घोडदळाबरोबर तो कोमांचे या मूलनिवासी जमातीच्या टोळ्यांवरच्या मोहिमेत गेला. १ ऑक्टोबर रोजी विचिटा व्हिलेज येथे झालेल्या लढाईत त्याला खांद्यात बाण आणि छातीत गोळी लागली. पाच दिवस तो रणभूमीवरच पडून होता, कारण हलवण्याच्या स्थितीत नव्हता. सैन्याचे सरसेनापती विन्फील्ड स्कॉट यांच्याकडून लष्करात अधिकारपद देऊ करण्यात आले, ते त्याने नाकारले. आणि बरा झाल्यावर हा मुलगा अलाबामाला परतला, उरलेला अभ्यासक्रम पुरा केला आणि १८५९ मध्ये पदवीधर झाला. छातीतून गोळी गेल्यावर पुन्हा बाकावर जाऊन बसणारे विद्यार्थी मला तरी भेटलेले नाहीत. आमच्याकडे गॅदरिंगच्या नावाखाली पंधरवडा बुडतो.

नव्हासोटामार्गे सहा क्रमांकाच्या रस्त्याला लागून दुपारी कॉलेज स्टेशनला पोहोचलो. घड्याळे दोनच दिवसांपूर्वी एक तास मागे गेली होती, त्यामुळे सहा वाजण्यापूर्वीच अंधार पडला. जेवणानंतर निखिल म्हणाला, "काका, आज महिन्याचा पहिला मंगळवार आहे. कोट घाला आणि फोन बंद करा, एक गोष्ट दाखवतो."

विद्यापीठातील एखादा विद्यार्थी मृत्यू पावला, की पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी रात्री साडेदहा वाजता त्याच्यासाठी 'सिल्व्हर टॅप्स' हा विधी होतो. पटांगणातील दिवे मालवलेले होते. शेकडो मुले आली होती आणि कोणीही बोलत नव्हते. पानांवरून चालण्याचा आवाज तेवढा येत होता. मग पांढऱ्या गणवेशातील एक तुकडी संथ पावलांनी रॉस यांच्या पुतळ्याजवळ आली, तीन फैरी झाडल्या, आणि अकॅडमिक बिल्डिंगच्या घुमटाजवळून ब्यूगलवर अंत्यसूर उमटला. तो तीनदा वाजवला जातो, एकदा उत्तरेकडे, एकदा दक्षिणेकडे आणि एकदा पश्चिमेकडे तोंड करून. पूर्वेकडे वाजवत नाहीत, कारण त्या मुलासाठी आता सूर्य उगवायचा नसतो. पांढऱ्या गणवेशातील तुकडीचे नाव रॉस व्हॉलंटिअर्स. हा विधी सर्वप्रथम १८९८ मध्ये खुद्द रॉस यांच्या मृत्यूनंतर झाला, असे येथे सांगतात. परतताना निखिलने सांगितले, की आजच्या नावांपैकी एक मुलगा त्याने प्रयोगशाळेत शिकवलेला होता. त्यानंतर आम्ही घरी पोहोचेपर्यंत काही बोललो नाही.

दुसरा दिवस, बुधवार : कॉलेज स्टेशन

सकाळच्या उजेडात पुतळा नीट पाहिला. पॉम्पेओ कॉपिनी या इटालियन वंशाच्या शिल्पकाराने घडवलेली ही दहा फुटी कांस्यमूर्ती अकॅडमिक बिल्डिंगसमोर उभी आहे. १९१७ मध्ये राज्य विधिमंडळाने तिच्यासाठी दहा हजार डॉलर मंजूर केले. त्याच वर्षी पश्चिम टेक्सासमधील अल्पाइन येथे रॉस यांच्या नावाने शिक्षकांसाठी महाविद्यालय काढण्याचाही निर्णय झाला. चौथऱ्यावर योद्धा, मुत्सद्दी आणि सरदारी बाण्याचा सद्गृहस्थ अशा अर्थाची तीन बिरुदे कोरलेली आहेत. त्यांच्या खाली ओळीने पदे येतात : दक्षिणेच्या सैन्याचा ब्रिगेडियर जनरल, टेक्सासचा गव्हर्नर आणि सर्वांत शेवटी ए अँड एम महाविद्यालयाचा अध्यक्ष. पायांशी तांब्याच्या रंगाची नाणी होती, मी मोजली तेव्हा त्रेचाळीस. एका मुलीने पाठीवरची सॅक न उतरवताच वाकून एक नाणे ठेवले आणि घाईने वर्गाकडे गेली. रॉस मुलांना अभ्यासात मदत करत आणि मोबदला म्हणून एक सेंट मागत, अशी आख्यायिका यामागे आहे. ती खरी असो वा नसो, मुलांनी आपल्या नवसासाठी जनरलला किंवा गव्हर्नरला निवडलेले नाही, शेवटच्या ओळीतल्या माणसाला निवडले आहे.

ते हुद्दे बाजूला ठेवून त्यांच्या कारकिर्दीकडे पाहावे. हे महाविद्यालय १८७६ मध्ये सुरू झाले. शेती, यंत्रविद्या आणि लष्करी शिस्त शिकवण्यासाठी काढलेली ही संस्था पंधरा वर्षांतच इतकी घसरली होती, की ती बंद करावी अशीही भाषा चालू होती. रॉस गव्हर्नरपदावरून जानेवारी १८९१ मध्ये उतरले आणि फेब्रुवारीत येथे येऊन बसले. त्या वेळी नळाला पाणी नव्हते, वसतिगृहांत जागा नव्हती, प्राध्यापक नाराज होते आणि मुले कोणाच्या कह्यात नव्हती. हे वाचताना मला माझाच रुजू होण्याचा दिवस आठवला. फरक एवढाच, की मी आदल्या दिवशी राज्याचा प्रमुख नव्हतो.

पुढच्या सात वर्षांत त्यांनी काय केले, याची यादी एखाद्या इतिहासकाराला रूक्ष वाटेल, पण ज्याने कधी संस्था चालवली आहे त्याला ती पोवाड्यासारखी वाटेल. आर्टेशियन, म्हणजे पाणी आपोआप वर येणारी, विहीर खोदली. विजेचे यंत्रघर उभारले. एका वेळी पाचशे मुले जेवतील असे भोजनगृह बांधले. धुलाईघर, बर्फाचा कारखाना, शीतगृह, व्यायामशाळा आणि पोहण्याचा तलाव झाला. एक रुग्णालय बांधले, आणि संपूर्ण आवारातील पहिली इमारतीच्या आतली शौचालये त्या रुग्णालयात होती. एवढे बांधकाम होऊनही १८९३ मध्ये तिजोरीत शिल्लक होती. मी हे वाक्य निखिलला दोनदा वाचून दाखवले, पण अनुदानाचा दुसरा हप्ता अडकला म्हणून पावसाळ्यात मुतारीचे छप्पर तसेच ठेवावे लागलेल्या माणसाचा आनंद त्याला कळणे शक्य नव्हते.

विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र 'बटॅलियन' १८९३ चे. बँड आणि फुटबॉलचा पहिला संघ १८९४ चा. त्या काळी येथे मुलींना प्रवेश नव्हता, तो रीतसर १९६३ मध्ये मिळाला. मात्र प्राध्यापकांच्या मुलींना वर्गात बसू देण्यास रॉस यांनी हरकत घेतली नाही. नव्या मुलांची छळवणूक बंद करण्याचा त्यांचा निर्धार मात्र कागदावरच राहिला. हा अनुभव मलाही अपरिचित नाही. १८९४ मध्ये त्यांना राज्याच्या रेल्वे आयोगावर जागा देऊ करण्यात आली, तेव्हा पालकांची आणि मित्रांची पत्रे आली की जाऊ नका, आणि ते गेले नाहीत. आमच्याकडे माजी मंत्री शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष होतात हे नवीन नाही, पण ते वर्षातून चार बैठकांना मोटारींच्या ताफ्यासह येतात. हा गृहस्थ त्याच आवारात राहिला, मुलांचे गुण तपासत राहिला आणि तेथेच मेला. नाताळच्या सुटीत नव्हासोटा नदीकाठी शिकारीला गेलेले रॉस आजारी होऊन परतले आणि ३ जानेवारी १८९८ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

पुतळ्याबद्दल दुसरीही बाजू आहे आणि निखिलने ती लपवली नाही. जून २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर देशभर आंदोलने पेटली, तेव्हा हा पुतळा रंगाने माखला गेला, काही काळ झाकून ठेवावा लागला आणि तो हटवण्याची मागणी झाली. विद्यापीठाने तो ठेवायचे ठरवले. मागणी करणाऱ्यांचे म्हणणे साधे होते : हा माणूस गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या सैन्याचा सेनानी होता. १८६४ मध्ये मिसिसिपीतील यॅझू शहराच्या लढाईत त्याच्या पलटणीसमोर कृष्णवर्णीय सैनिक होते आणि त्यांना जिवंत न सोडल्याचे आरोप तेव्हाच झाले होते. येथल्या परंपरा ज्यांना रुचत नाहीत त्यांना ऐकवण्यासाठी एक ठरलेले वाक्य आहे : सहा नंबरचा रस्ता दोन्हीकडे जातो. म्हणजे आलात तसे जा. निखिलच्या एका कृष्णवर्णीय सहाध्यायाला ते त्या काळात ऐकवले गेले. तो गेला नाही, त्याने पदवी घेतली. पण नाणे त्याने कधी ठेवले नाही.

तिसरा दिवस, गुरुवार : ऑस्टिन

ऑस्टिनला पोहोचायला दोन तास लागले. मराठी वाचकाने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की अमेरिकेतील गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो लोकांनी थेट निवडलेला मुख्यमंत्रीच असतो. रॉस १८८६ मध्ये निवडून आले, १८८८ मध्ये पुन्हा आले, आणि गुलाबी ग्रॅनाइटच्या या विधानभवनाचे मे १८८८ मध्ये उद्घाटन झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. इमारतीसाठी राज्याकडे रोकड नव्हती, म्हणून कंत्राटदारांना तीस लाख एकर जमीन देऊन ती बांधून घेतली. तांब्याचे छप्पर गळत असल्यामुळे राज्याने ती रीतसर ताब्यात घेतली नाही, डिसेंबरपर्यंत दुरुस्त्याच चालल्या. सार्वजनिक बांधकामाच्या बाबतीत जग एक आहे, हे पाहून बरे वाटले.

गोल सभागृहाच्या भिंतींवर सर्व गव्हर्नरांची चित्रे क्रमाने लावलेली आहेत. नवा गव्हर्नर आला की त्याचे चित्र तळमजल्यावर लागते आणि बाकीचे सगळे एकेक जागा सरकतात. रॉस सरकत सरकत बरेच वर गेले आहेत. टक्कल, भरघोस दाढी आणि मिशा, डोळे शांत. गव्हर्नर म्हणून त्यांचा काळ एकंदरीत सुखाचा गेला. मक्तेदारीविरोधी कायदा १८८९ मध्ये झाला, तो देशातील अगदी सुरुवातीच्या अशा कायद्यांपैकी होता.

मात्र त्याच वर्षीच्या एका प्रसंगाने मी अडखळलो. ह्यूस्टनजवळच्या फोर्ट बेंड परगण्यात कृष्णवर्णीय मतदार बहुसंख्य होते आणि त्यांच्या मतांवर निवडून आलेला एक गट सत्तेवर होता. त्यांना 'वुडपेकर' म्हणत. गोऱ्या जमीनदारांचा विरोधी गट 'जेबर्ड'. १६ ऑगस्ट १८८९ रोजी रिचमंडच्या न्यायालयासमोर दोन्ही गटांत गोळीबार झाला. रॉस स्वतः सैनिक घेऊन तेथे गेले, त्यांनी समेट घडवला आणि रक्तपात थांबवला. चरित्रांमध्ये हा प्रसंग त्यांच्या धैर्याचा दाखला म्हणून येतो. समेटाचा अर्थ मात्र असा झाला, की वुडपेकरांनी राजीनामे दिले आणि सत्ता जेबर्डांकडे गेली. त्यांनी उमेदवार ठरवण्यासाठी स्वतःची गोऱ्यांपुरती पूर्वनिवडणूक सुरू केली आणि ती सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, चालू राहिली. दंगल शमवण्याचे श्रेय ज्याला द्यायचे, त्याच्याच नावावर पुढची चौसष्ट वर्षेही मांडली पाहिजेत. बहिष्कृत मतदारांची चित्रे या भिंतीवर नाहीत.

संध्याकाळी पस्तीस क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गाने वेकोला गेलो. मोटारींची रांग सबंध वाटभर तुटली नाही. मुक्कामाच्या मोटेलात खोली देताना आमचे आरक्षण सापडत नव्हते आणि सापडले तेव्हा ते दुसऱ्याच शुक्रवारचे निघाले. चूक त्यांची की निखिलची यावर आम्ही दोघांनीही न बोलण्याचे ठरवले.

चौथा दिवस, शुक्रवार : ग्रोझबेक आणि वेको

सकाळी आधी पूर्वेला ग्रोझबेककडे गेलो, कारण पीझ नदीची गोष्ट, म्हणजे रॉस यांनी १८६० मध्ये कोमांचेंशी केलेल्या लढाईची, पीझ नदीवर सुरू होत नाही. पार्कर कुटुंबाने १८३४ मध्ये येथे लाकडी कोट बांधला. १९ मे १८३६ रोजी कोमांचे आणि त्यांच्या साथीदार टोळ्यांनी त्यावर हल्ला केला, पाच जणांना मारले आणि पाच जणांना पळवून नेले. त्यांत नऊ वर्षांची सिंथिया ॲन पार्कर होती. आज उभा आहे तो कोट नंतर बांधलेला आहे, पण मापे जुन्याप्रमाणे ठेवलेली आहेत : ओंडक्यांची उंच भिंत, कोपऱ्यांत दुमजली बुरूज, आत खोल्यांची रांग. एका खोलीचे दार इतके बुटके होते, की मला वाकावे लागले. आतून पाहिले तर ओंडक्यांच्या फटींतून शेत दिसते. त्या दिवशी दरवाजा उघडाच होता आणि पुरुष बहुतेक शेतात होते, असे सगळे वृत्तान्त सांगतात.

दुपारी वेकोला परतलो. ब्राझोस नदीवरचा १८७० चा झुलता पूल चालत ओलांडला. पूल होण्याआधी येथे सल यांच्या वडिलांची नदी ओलांडण्याची नाव चालत असे. रॉस कुटुंब १८४९ मध्ये येथे आले आणि वेकोच्या पहिल्या रहिवाशांपैकी ठरले. गावाचे नाव ज्या वेको लोकांवरून पडले, त्यांचे योद्धेही राखीव भूमीवर होते, ज्या भूमीवरून सल यांनी आपले १३५ साथीदार उचलले. रॉस यांच्या शौर्याच्या कथा सांगताना एक गोष्ट सहसा गाळली जाते : १८५८ मध्ये हे लोक टेक्साससाठी लढले आणि १८५९ मध्ये टेक्सासने त्यांना राखीव भूमीवरून उठवून रेड नदीपलीकडे घालवून दिले. त्यांच्यातल्यांनीच जखमी सलला झोळीतून वाहून आणले होते.

नदीकाठच्या टेक्सास रेंजर संग्रहालयात रॉस यांचा मान मोठा आहे. यादवी युद्धानंतर ते वेकोजवळ शेती करत होते. १८७३ मध्ये मक्लेनन परगण्याचे शेरिफ झाले आणि दोन वर्षांच्या आत त्यांनी व त्यांच्या सहायकांनी सातशेहून अधिक गुन्हेगार पकडले, असे सांगतात. काचेच्या पेट्यांत पिस्तुले, पट्टे, खोगिरे मांडली आहेत. मुले पिस्तुलांभोवती घोटाळत होती. लेखी अहवालांच्या पेटीसमोर मी एकटाच होतो.

तेथून ओकवुड दफनभूमीत गेलो. जुने ओक, वाळलेली पाने, खारी. रॉस यांची कबर शोधायला अर्धा तास लागला. महाविद्यालयातील सारे विद्यार्थी त्यांच्या पार्थिवाबरोबर येथवर आले होते आणि राखाडी गणवेशातील जुने सैनिक मानवंदनेसाठी उभे होते. जवळच आणखी दोन गव्हर्नर, रिचर्ड कोक आणि पॅट नेफ, पुरलेले आहेत. येथे नाणी नव्हती.

पाचवा दिवस, शनिवार : पीझ नदी

पहाटे पाचला निघालो. फोर्ट वर्थ, विचिटा फॉल्स, व्हर्नन, आणि तेथून क्राउएल, म्हणजे साडेचारशे किलोमीटरांहून थोडे जास्त. विचिटा फॉल्सनंतर झाडे खुजी होत गेली, माती लाल होत गेली आणि आकाश असे पसरले की निखिलने गाणी बंद केली. मेस्किटची काटेरी झुडपे पाहून मला माणदेशातल्या बाभळी आठवल्या. या दोन्ही झाडांना आपले कुणी कौतुक करावे अशी अपेक्षा नसावी.

क्राउएलजवळच्या मार्गारेट नावाच्या वस्तीजवळ या लढाईची स्मृतिशिला आहे. प्रत्यक्ष जागा म्यूल क्रीकच्या मुखाशी आहे आणि ती खासगी जमीन आहे, त्यामुळे आम्ही कुंपणाबाहेरून पाहिले. १८६० च्या डिसेंबरमध्ये बावीस वर्षांचे रॉस चाळीस रेंजर आणि वीस घोडदळ सैनिक घेऊन येथे आले. मागून स्वयंसेवकांची आणखी एक तुकडी येत होती. समोर कोमांचेंचा एक लहानसा तळ होता, आवराआवर करून निघण्याच्या बेतात. काही मिनिटांत सारे संपले. मारले गेलेल्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. पकडलेल्यांत एक निळ्या डोळ्यांची स्त्री होती आणि तिच्या कडेवर एक तान्ही मुलगी. तिचा काका आयझॅक पार्कर याने तिच्यासमोर सिंथिया ॲन हे नाव उच्चारले, तेव्हा तिने छातीवर हात ठेवून ते आपले असल्याचे सांगितले.

रॉस यांनी आपण या लढाईत तिचा पती, पेटा नोकोना हा सरदार, मारला असे सांगितले, आणि पुढील वर्षांत प्रत्येक कथनागणिक ही चकमक मोठी होत गेली. राजकारणात पडल्यावर तिचा उपयोगही झाला. सिंथिया ॲनचा थोरला मुलगा क्वाना मात्र आयुष्यभर सांगत राहिला, की वडील त्या दिवशी तेथे नव्हतेच, ते नंतर वारले. मी क्वानाच्या बाजूचा आहे. शिकवण्याच्या काळात मी मुलांना सांगत असे, की लढाईचा वृत्तान्त जेवढा उशिरा लिहिलेला, तेवढा शत्रू उंच होतो.

सिंथिया ॲन चोवीस वर्षे कोमांचेंमध्ये राहिली होती. ती त्यांची भाषा बोलत होती आणि तिचे दोन मुलगे मागे राहिले होते. टेक्सासच्या विधिमंडळाने तिला जमीन आणि वर्षाला शंभर डॉलर मंजूर केले. ती अनेकदा पळून जाण्याच्या प्रयत्नात सापडली. मुलगी टोप्साना काही वर्षांतच आजाराने गेली आणि मागोमाग १८७० च्या सुमारास तीही गेली. मुलांना ती पुन्हा कधी दिसली नाही. लढाईच्याच दिवशी रॉस यांनी तळावर सापडलेला एक कोमांचे मुलगा बरोबर घेतला, त्याचे नाव पीझ ठेवले आणि त्याला वेकोला वाढवले. पुढे परत जायची संधी मिळाली तेव्हा तो गेला नाही. हे दोन जीव एकाच दिवशी एकाच तळावरून उचललेले आहेत, आणि आपल्याला एकाच्या बाबतीत दया हा शब्द सुचतो आणि दुसरीच्या बाबतीत सुटका.

कुंपणाला टेकून रोजनिशी लिहायला घेतली आणि पहिल्याच वाक्यात क्रियापद अडले. 'रॉस यांनी सिंथिया ॲनला सोडवले' असे लिहिले आणि खोडले. 'पकडले' लिहिले, तर १८३६ च्या हल्ल्यासाठी वापरलेलाच शब्द पुन्हा आला. निखिलने वाचून पाहिले. "काका, 'नेले' लिहा," तो म्हणाला. "दोन्ही वेळा तेच झाले ना?" मी दोन्ही ठिकाणी 'नेले' केले.

तीन वाजता क्राउएलला येऊन उत्तरेची वाट धरली, कारण रात्रीचा मुक्काम क्वाना गावी होता. होय, गावाचे नाव क्वाना. ज्या टोळीला या मुलखातून हुसकावले, तिच्या शेवटच्या सरदाराचे. वाटेत पीझ नदीवरचा पूल लागला. गाडी बाजूला लावून खाली पाहिले : रुंद, लालसर, वाळूचे पात्र, त्यात दोन-तीन ठिकाणी हातभर रुंदीचे पाणी आणि काठावर पांढरा क्षार जमलेला. हे पाणी जिप्समने कडवट असते, घोडे नाइलाजानेच पितात. वारा थंड होता. पुलाच्या टोकाला रस्त्याच्या क्रमांकाची पाटी होती आणि ती निखिलच्या आधी लक्षात आली. "काका, हा सहा नंबर आहे. कॉलेज स्टेशनवरून जातो तोच."

मी गाडीतून नकाशा आणला आणि बोनेटवर पसरून बोट फिरवले. मेक्सिकोच्या आखाताजवळून निघालेला तो रस्ता नव्हासोटा, कॉलेज स्टेशन, वेको करत, मधल्या कितीतरी गावांमधून, या पुलापर्यंत आणि पुलापलीकडे क्वानापर्यंत खरोखरच अखंड जात होता. व्हर्ननमार्गे आलो नसतो तर आजचा सगळा प्रवास याच रस्त्याने झाला असता. निखिलने खिशातून फोन काढला, पाटीचा फोटो घेतला आणि त्या सहाध्यायाला पाठवला. उत्तर यायच्या आत अंधार पडू लागला होता, म्हणून आम्ही निघालो.